जुनी एमजीबी घेताना आधी खाली वाकून पाहा

वाचकाचे पत्र: मी मूळचा पुण्याचा असून काही वर्षांपासून इंग्लंडमध्ये रेडिंग येथे नोकरी करतो. उघड्या टपाच्या जुन्या स्पोर्ट्स कारचे मला पहिल्यापासून आकर्षण आहे आणि आता ब्रिटनच्या एमजी कंपनीची एमजीबी घ्यायचे मी नक्की केले आहे. दोन गाड्या पाहून ठेवल्या आहेत. पहिली १९७२ची लाल रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची आहे. तिला क्रोमचे बंपर आणि तारांच्या आऱ्यांची चाके आहेत, रंग नुकताच दिलेला आहे. ती एका व्यापाऱ्याकडे असून तो तिला ‘संपूर्ण पुनर्बांधणी केलेली’ म्हणतो. दुसरी १९७६ची जीटी, म्हणजे पक्क्या छपराची आहे. तिला काळे रबरी बंपर आहेत, रंग फिका पडला आहे, पण मालक निवृत्त शिक्षक असून त्यांच्याकडे बिलांची जाडजूड फाइल आहे. तिची किंमत पहिलीच्या जेमतेम निम्मी आहे. मला इंजिनाची फारशी माहिती नाही. मी काय तपासावे, कोणती घ्यावी, आणि पुढेमागे परतलो तर गाडी पुण्याला नेता येईल का?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

इंजिनाची माहिती नसल्याचे आपण काहीशा संकोचाने लिहिले आहे, पण एमजीबीच्या बाबतीत ही उणीव आपण समजता तेवढी मोठी नाही. ही गाडी १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डशायरमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार झाली आणि रोडस्टर व जीटी मिळून तिची संख्या पाच लाखांवर गेली. त्यामुळे तिचे जवळजवळ सगळे सुटे भाग ब्रिटनमध्ये आजही नवे मिळतात. तिचे १७९८ सीसीचे इंजिन बिडाचे, साधे आणि दणकट आहे. आपल्याकडच्या अँबॅसडरमध्ये वर्षानुवर्षे चाललेले १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन याच ‘बी-सिरीज’ घराण्यातले होते, हे सांगितले म्हणजे त्याचा स्वभाव आपल्या लक्षात येईल. अशा इंजिनात काही बिघडले, तर त्याचा खर्च दुकानाची किंमतपत्रिका समोर ठेवून आधीच मांडता येतो. पत्र्याचे तसे नाही. पत्रा उघडल्याशिवाय आत किती गंज आहे ते कळत नाही, आणि एकदा उघडला की काम अर्ध्यावर थांबवता येत नाही. म्हणून जुनी एमजीबी घेणारा माणूस खरे तर तिची बॉडी विकत घेत असतो, आणि आपला तपासणीचा तीन चतुर्थांश वेळ तिथेच गेला पाहिजे.

याचे कारण गाडीच्या रचनेत आहे. एमजीबीच्या आधीच्या एमजीए या गाडीला स्वतंत्र चासी होती आणि तिच्यावर बॉडी बसवलेली असे. एमजीबीला वेगळी चासी नाही. पत्र्याच्या पेट्या एकमेकींना जोडून बनवलेला सांगाडा हाच तिचा कणा आहे. त्यातही रोडस्टरला वर छप्पर नसल्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवण्याचे काम मुख्यतः दोन्ही दरवाजांखालून जाणाऱ्या सिल आणि मधला गिअरबॉक्सचा बोगदा यांच्यावर येते. ही सिल बाहेरून एक साधी पट्टी दिसते, पण ती तीन थरांची आहे: बाहेरचा पत्रा, मधला उभा पत्रा आणि आतला पत्रा, शिवाय खाली त्यांना बांधणारी एक घडीची पट्टी. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल मडगार्डच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात साठतो, पाणी निघून जाण्याच्या फटी बुजतात, इंग्लंडच्या हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेले मीठ त्यात मिसळते आणि गंज आतून बाहेर येऊ लागतो. बाहेरच्या रंगावर पहिला फोड दिसतो, तेव्हा मधला पत्रा बहुधा आधीच गेलेला असतो.

याची खरी दुरुस्ती कष्टाची आहे. मडगार्डचा खालचा भाग कापावा लागतो, कापण्यापूर्वी दरवाजाच्या चौकटीत आडव्या दांड्या टाकून बॉडी ताठ धरावी लागते, आणि मग तिन्ही थर काढून नवे वेल्ड करावे लागतात. दोन्ही बाजूंचे हे काम चांगल्या कारागिराकडून करून घेतले, तर काही हजार पौंड सहज जातात. म्हणून पुष्कळ ठिकाणी आडवाट धरली जाते: कुजलेल्या सिलवरच नवा पत्रा चढवायचा, कडा पुट्टीने भरायच्या, वर रंग मारायचा. अशी गाडी विकली जाईपर्यंत सुरेख दिसते. वाळवीने पोखरलेल्या खांबांच्या वाड्याला चुना लावावा तशातला हा प्रकार आहे, आणि त्यात बसून आपण मोटारवेवर ताशी सत्तर मैलांनी जाणार आहात, हे लक्षात असू द्या.

आता प्रत्यक्ष कसे पाहायचे ते सांगतो. जाताना एक चांगली टॉर्च, जुनी चादर आणि फ्रिजवर लावायचे पातळ लोहचुंबक एवढेच न्या. चुंबकाला मऊ फडके गुंडाळा, म्हणजे रंगावर ओरखडा येणार नाही आणि मालकही तक्रार करणार नाही. चादर जमिनीवर टाकून दरवाजाजवळ गुडघे टेका आणि चुंबक सिलवरून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत हळूहळू सरकवत न्या. चांगल्या पत्र्यावर त्याची ओढ सर्वत्र सारखी लागते. जिथे ती अचानक ढिली पडते आणि चुंबक गळून हातात येते, तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. सिलची दोन्ही टोके, म्हणजे पुढच्या चाकामागची आणि मागच्या चाकापुढची वीतभर जागा, तीन-तीनदा तपासा. मग खाली डोके घालून सिलचा तळ पाहा. पाणी जाण्याच्या फटी मोकळ्या आहेत की काळ्या डांबरी थराखाली सगळे सपाट करून टाकले आहे? खालून नुकताच जाड काळा थर मारलेला असेल आणि त्याआधीचा एकही फोटो दाखवता येत नसेल, तर मी तरी पुढे जाणार नाही.

दरवाजाची परीक्षा त्याहून बोलकी आहे. गाडी सपाट जागी उभी असताना दरवाजाच्या मागच्या काठाशी असलेली फट वरपासून खालपर्यंत नीट पाहा आणि मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा. मग मालकाला गाडी त्या बाजूच्या जॅकिंग पॉइंटवर, म्हणजे जॅक लावण्याच्या ठरलेल्या जागी उचलायला सांगा. चाक जमिनीवरून सुटल्यावर फट होती तशीच राहिली आणि दरवाजा पूर्वीसारखाच उघडला व मिटला, तर सिलमध्ये जीव आहे. फट निमुळती झाली, दरवाजा अडकू लागला किंवा पत्रा कुरकुरला, तर गाडी मधोमध वाकते आहे, आणि मग बाकी काहीही तपासण्याची गरज उरत नाही. ‘त्या जागी जॅक लावू नका’ असे मालकच म्हणाला, तर तेही उत्तरच समजावे. उचललेल्या गाडीखाली मात्र कोणत्याही परिस्थितीत शिरू नका. पोटाखालचे पाहायचे असेल, तर तासाभरासाठी एखाद्या गॅरेजचा रॅम्प भाड्याने घ्या. या एका तासाचे पैसे वाचवणे हे साऱ्या खरेदीतले सर्वांत महाग पाऊल ठरू शकते.

रॅम्पवर गाडी चढली की मागच्या पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे) पुढचे टोक जिथे बॉडीला बसते ती जागा, सिलला आडवा जोडणारा तुळईसारखा पत्रा आणि पायांखालची जमीन पाहा. वर आल्यावर आसनांच्या मागे गालिचाखाली एक झाकण असते, ते उघडा. बॅटरी तिथे खाली बसते. १९७२च्या गाडीत मुळात सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या दोन बाजूंना असत, १९७६च्या गाडीत बारा व्होल्टची एकच. ॲसिडने आणि रस्त्यावरच्या पाण्याने या पेट्यांचे तळ खाल्लेले सापडतात. त्यांची दुरुस्ती सिलएवढी महाग नाही, पण मालकाने गाडीकडे किती लक्ष दिले याचा तो चांगला दाखला असतो. पुढच्या मडगार्डची वरची कडा, दिव्यांच्या भोवतालचा भाग आणि मागच्या चाकापुढचा खालचा कोपरा इथेही चुंबक फिरवा. दरवाजाच्या पत्र्यावर, पुढच्या छोट्या तिकोनी काचेच्या पायाशी एक बारीक उभी भेग पुष्कळ एमजीबींना पडते. ती दिसली तर घाबरू नका, पण नव्या रंगाखाली ती नुसती भरून टाकली असेल, तर काही महिन्यांत पुन्हा वर येते. जीटीच्या मागच्या काचेच्या दरवाजाची खालची कडाही पाहावी.

यानंतर आपल्या लाल रोडस्टरकडे येतो. ‘संपूर्ण पुनर्बांधणी’ या शब्दांना कायद्याने ठरवलेला अर्थ नाही. म्हणून व्यापाऱ्याला विचारा: गाडी पूर्ण सुटी केली होती का, वेल्डिंग कोणत्या गॅरेजने केले, कोणते पत्रे बदलले, आणि कापलेल्या अवस्थेतले फोटो आहेत का? ज्याने खरोखर एवढे काम करवून घेतले आहे तो माणूस फोटो काढल्याशिवाय राहत नाही, कारण त्या फोटोंवरच त्याची किंमत उभी असते. ऑक्सफर्डशायरमधील विटनी येथील ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८पासून एमजीबीच्या पूर्ण नव्या बॉडी बनवते. त्यातली बॉडी बसवली असेल तर उत्तमच, पण तिची एकटीची किंमत दहा हजार पौंडांच्या वर जाते, म्हणून तिचे बिल दाखवता आलेच पाहिजे. फोटो नाहीत, बिले नाहीत आणि रंग तेवढा ताजा आहे, अशी गाडी मी रंग न दिलेल्या गाडीपेक्षा कमी किमतीची मानतो. रंग फिका पडलेल्या गाडीवरचा गंज निदान आपल्या डोळ्यांना दिसतो.

जीटीबद्दल बाजारात एक जुना आकस आहे. १९७४च्या अखेरीपासून अमेरिकेतील नियमांसाठी एमजीबीला मोठे काळे रबरी बंपर आले आणि गाडी सुमारे दीड इंच उंच झाली. त्यामुळे ती वळणावर अधिक कलते आणि क्रोमच्या गाड्यांइतकी देखणी वाटत नाही, म्हणून स्वस्त मिळते. पण जीटीला लोखंडी छप्पर असल्याने तिचा सांगाडा रोडस्टरपेक्षा ताठ असतो, इंग्लंडच्या पावसात ती कोरडी राहते आणि मागे सामानाला चांगली जागा मिळते. उंची कमी करायची झाल्यास त्यासाठीचे भाग मिळतात. ज्याला गाडी दर आठवड्याला चालवायची आहे त्याच्या दृष्टीने हा आकस फायद्याचाच आहे.

इंजिन तपासण्यासाठी एकच अट घाला: आपण पोहोचण्यापूर्वी ते सुरू केलेले नसावे. पोहोचताच बॉनेटवर हात ठेवून पाहा. कोमट लागले, तर कारण विचारा आणि दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिनाची चावी पहिल्या टप्प्यावर फिरवली की मागच्या बाजूने इंधनाच्या पंपाची टिकटिक ऐकू येते. ती काही क्षणांत थांबली पाहिजे. चालूच राहिली, तर कुठेतरी पेट्रोल गळते आहे किंवा कार्ब्युरेटरची झडप नीट मिटत नाही. चोक ओढून गाडी सुरू झाल्यावर वरून टॅपेटचा हलका खडखडाट येणे स्वाभाविक आहे. तळातून येणारा जड ठोका मात्र स्वाभाविक नाही. डॅशबोर्डवर ऑइलच्या दाबाचा काटा असतो. इंजिन पुरते तापल्यावर चालत्या गाडीत तो दर चौरस इंचाला ५० ते ८० पौंडांच्या दरम्यान असावा आणि गाडी उभी असताना १० ते २५ पर्यंत खाली यावा. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबल्यावर मागे निळा धूर आला, तर व्हॉल्व्हच्या गाइड झिजल्या आहेत. हा खर्च परवडण्याजोगा आहे, पण तो किमतीतून वजा करून घ्यावा.

गिअरबॉक्सकडे थोडे अधिक लक्ष द्या, कारण एमजीबीचा क्लच बदलायचा तरी इंजिन बाहेर काढावे लागते. भाग स्वस्त आणि मजुरी महाग असा तो मामला आहे. दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून पाहा, गिअर उडून बाहेर येता कामा नये. पुष्कळ गाड्यांना ओव्हरड्राइव्ह असतो, म्हणजे वरच्या गिअरमध्ये बटण दाबले की इंजिनाचे फेरे कमी होतात. चौथ्या गिअरमध्ये इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा ३००० वर असताना बटण दाबा, तो सुमारे ५००ने खाली आला पाहिजे. आला नाही, तर दोष बहुतेक वेळा वायरिंगचा किंवा ऑइलच्या पातळीचा असतो, पण मालकाच्या ‘छोटासा दोष आहे’ या शब्दावर विसंबू नका. छोटासा असता, तर त्याने तो विकण्यापूर्वी काढला असता.

पुढच्या चाकांच्या किंगपिनला, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळते तिला, नियमित ग्रीस लागते आणि ते देण्याचा कंटाळा हाच तिचा शत्रू आहे. चाक उचलून वर-खाली धरून हलवा, जाणवण्याइतका ढिलेपणा असेल तर किंगपिन बदलायला आली आहे. रोडस्टरच्या तारांच्या चाकांबाबत एक खास तपासणी आहे. चाक जिथे हबवर बसते तिथल्या खाचा झिजतात. कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि उचललेले चाक पुढे-मागे फिरवा. हब स्थिर आणि चाक हलते असे दिसले, किंवा गाडी निघताना दर वेळी ‘कट्’ असा आवाज आला, तर चाके आणि हब दोन्ही बदलावी लागतील. मग एखादी पेन्सिल तारांवरून फिरवा. घट्ट तार खणखणीत वाजते, सैल तार बद्द आवाज काढते.

आता कागदपत्रे. बॉनेटखालच्या पट्टीवरील चासी क्रमांक आणि नोंदणीच्या व्ही-५-सी कागदावरचा क्रमांक अक्षरशः जुळला पाहिजे. आपल्या रोडस्टरचा क्रमांक ‘जीएचएन५’ने आणि जीटीचा ‘जीएचडी५’ने सुरू व्हायला हवा. यातला पहिला ‘जी’ म्हणजे एमजी, ‘एच’ इंजिनाचा आकार, ‘एन’ दोन आसनी आणि ‘डी’ म्हणजे जीटी. त्यानंतर ‘एल’ किंवा, अमेरिकेसाठी बनवलेल्या गाडीत, ‘यू’ अक्षर आले, तर गाडी मुळात डाव्या स्टिअरिंगची होती, म्हणजे बहुधा परदेशातून परत आणून बदललेली. यात वाईट काही नाही, कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या हवेतून आलेल्या बॉडी कित्येकदा इथल्या गाड्यांपेक्षा निरोगी निघतात, पण हे विक्रेत्याने स्वतःहून सांगायला हवे होते. व्ही-५-सीवर ज्याचे नाव आहे तो नोंदणीकृत ताबेदार असतो, तो मालक असेलच असे नाही, आणि त्या कागदावर तसे छापलेलेही असते. म्हणून खरेदीची मूळ पावती मागा, आणि काही पौंड खर्चून गाडीवर कर्ज थकले आहे का, विम्याने तिला कधी मोडीत काढले होते का, याचा अहवाल काढा.

सरकारच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की २००५पासूनच्या एमओटी तपासण्यांचा, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित आहे की नाही याच्या वार्षिक तपासण्यांचा इतिहास फुकट वाचता येतो. जीटीचा तो आज रात्रीच वाचा. कोणत्या वर्षी किती मैल नोंदले, ‘गंज’ हा शेरा कुठे पडला आणि पुढच्या वर्षी तो नाहीसा झाला का, हे पाहा. शेरा नाहीसा झाला असेल, तर शिक्षक महाशयांच्या फाइलमध्ये त्या वर्षीच्या वेल्डिंगचे बिल सापडले पाहिजे. ते सापडले, तर त्या फाइलवर आपण विश्वास ठेवू शकता. मे २०१८पासून चाळीस वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना एमओटीची सक्ती उरलेली नाही. त्यामुळे अलीकडची नोंद नसणे हा गुन्हा नव्हे, पण जो मालक सक्ती नसतानाही दरवर्षी तपासणी करून घेतो, त्याची गाडी मी आधी पाहतो. सौदा ठरवताना ‘नव्या एमओटीसह’ अशी अट आपण घालू शकता, आणि मी ती अवश्य घालीन.

दोन्ही गाड्या चाळीस वर्षांवरच्या असल्याने त्यांना रस्त्याचा कर माफ होतो, मात्र गाडी ‘हिस्टॉरिक’ वर्गात नोंदलेली असावी लागते आणि दरवर्षी शून्य रुपयांचा, म्हणजे शून्य पौंडांचा कर भरल्याची नोंद करावीच लागते. याच वर्गामुळे लंडनच्या यूलेझ शुल्कातूनही, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरच्या शुल्कातूनही सूट मिळते. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला गाडीने जायचे असेल, तर ही नोंद आधी पाहून घ्या. शहराच्या मध्यभागातले कंजेशन शुल्क मात्र या गाड्यांनाही भरावे लागते. विमा जुन्या गाड्यांच्या खास कंपनीकडून, आधी ठरवलेल्या किमतीचा घ्यावा. साध्या विम्यात अपघातानंतर गाडीची किंमत कंपनी ठरवते, आणि ती आपल्याला पटत नाही.

पेट्रोलचाही विचार हवा. ब्रिटनमध्ये २०००च्या आरंभी शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले आणि सप्टेंबर २०२१पासून साधे पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचे झाले. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खाते. नळ्या नव्या आहेत का आणि व्हॉल्व्हच्या बैठका शिसेविरहित पेट्रोलसाठी बदलल्या आहेत का, हे बिलांत शोधा, आणि गाडी आपली झाल्यावर तिच्यात पाच टक्क्यांचे महागडे पेट्रोलच घाला.

व्यापारी आणि खासगी विक्रेता यांच्यात कायद्याने मोठा फरक आहे. २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार व्यापाऱ्याने विकलेली वस्तू समाधानकारक दर्जाची असावी लागते, आणि तशी नसल्यास पहिल्या तीस दिवसांत ती परत करून पूर्ण पैसे मागण्याचा हक्क आपल्याला असतो. वय पाहता पन्नास वर्षांच्या गाडीकडून नव्या गाडीच्या अपेक्षा धरता येत नाहीत, पण ‘संपूर्ण पुनर्बांधणी’ लिहून कुजलेल्या सिल विकता येत नाहीत, एवढे निश्चित. खासगी विक्रेत्याकडून फक्त वर्णनाप्रमाणे वस्तू मिळण्याचा हक्क राहतो. म्हणून दोन्ही जाहिराती जशाच्या तशा आजच जपून ठेवा. विसार देणार असाल, तर ‘तपासणी समाधानकारक न झाल्यास परत’ असे लेखी घेऊनच द्या.

पुण्याबद्दल. भारतात जुलै २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांच्या मालिकेत नोंदणी होते, आयात केलेल्या गाड्यांचीही. आपल्या पाहण्यातली १९७२ची गाडी या वयात बसते, आणि १९७६च्या गाडीला पन्नास वर्षे २०२६मध्ये पूर्ण होतात. पण अशा नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. कोथरूडहून रोज ऑफिसला जाण्यासाठी ती चालत नाही. त्याआधी आयातीचे शुल्क आहे, आणि ते मोठे आहे. परतण्याची वेळ येईल तेव्हा मुंबईच्या कस्टम दलालाकडून त्या दिवशीचे नियम लेखी घ्या. आज मात्र ही गाडी इंग्लंडमध्ये चालवण्यासाठी आणि पुढे इंग्लंडमध्येच विकण्यासाठी घेत आहोत, असे धरूनच किंमत ठरवा.

आता कोणती घ्यावी. उघड्या टपाची ओढ मला समजते, आणि वसंतातल्या एखाद्या सकाळी ग्रामीण बार्कशायरमधून टप खाली करून जाण्याचा आनंद जीटी देणार नाही, हेही खरे आहे. तरी आपण कळवलेल्या माहितीवरून मी आधी जीटी पाहीन. तिच्या सिल चांगल्या निघाल्या, तर निम्म्या किमतीतून वाचलेले पैसे रंगाला, क्लचला आणि किंगपिनला पुरून उरतील. रोडस्टर विचारात ठेवायची असेल, तर व्यापाऱ्याला कापलेल्या बॉडीचे फोटो मागा. ते दोन दिवसांत आले तर रॅम्पची वेळ ठरवा, टाळाटाळ झाली तर तो विषय सोडून द्या. १९३०मध्ये सुरू झालेल्या एमजी कार क्लबची शाखा आपल्या भागात असेल. तिच्या मासिक बैठकीला जाऊन एखाद्या जुन्या सभासदाला तपासणीच्या दिवशी बरोबर येण्याची विनंती करा. अशी माणसे आनंदाने येतात आणि त्यांच्या बोटांना जे कळते ते लेखातून पोहोचवता येत नाही.

जीटी रॅम्पवर चढेल तेव्हा चार जागांचे फोटो काढून पाठवा: दोन्ही सिलची पुढची टोके, मागच्या पाट्यांच्या पुढच्या बैठका, बॅटरीच्या पेटीचा तळ आणि चालकाच्या पायांखालची जमीन. सोबत एमओटीच्या शेऱ्यांची नक्कल जोडा. ते पाहून विक्रेत्याला किती रकमेपासून बोलायला सुरुवात करावी, हे पुढच्या उत्तरात कळवतो.